वाळत घातलेलं हिरवं लुगडं

बाने ते आभाळ पहिल्यांदा पाहिलं ते एका ट्रक ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये.

बा अच्छाडला पंक्चरच्या टपरीवर कामाला होता. चेकनाक्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागते, तिथे दिवसभर चाक खोलायचं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि ठिगळ लावायचं, हे त्याचं काम. तलासरीजवळच्या आमच्या पाड्यातून तो सायकलने जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. पुष्कळदा आम्ही तोवर झोपलेल्या असायचो. त्यामुळे बा आम्हाला भेटायचा तो सकाळीच, चहाच्या वेळी.

त्या दिवशी मात्र तो लवकर आला. पंजाबकडच्या एका ड्रायव्हरचा भाऊ कॅनडात ट्रक चालवतो, त्याने तिकडून व्हिडिओ पाठवला होता. चाक होईपर्यंत वेळ होता म्हणून ड्रायव्हरने तो बाला दाखवला. बा हातपाय न धुता ओट्यावर बसला आणि आम्हाला सांगू लागला. बर्फाचे डोंगर होते. वर रात्रीचं आभाळ होतं आणि त्या आभाळात हिरवा उजेड हलत होता. कसा हलत होता ते त्याला सांगता येईना. त्याने हात वर करून दोन्ही बाजूंना हलवून पाहिले. शेवटी म्हणाला, "दोरीवर हिरवं लुगडं वाळत घातलंय आणि वारा सुटलाय, तसं."

आई भाकऱ्या थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आज ताडी कोणाकडची होती?"

ताई हसली, मी हसले, बासुद्धा हसला. पण त्याने मला विचारलं की तुमच्या पुस्तकात आहे का हे. मी तेव्हा बारावीला होते. भूगोलाच्या पुस्तकात ध्रुवाकडच्या प्रकाशाबद्दल एक ओळ सापडली, चित्र नव्हतं. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, "त्यात लुगडं लिहिलंय का?" त्यानंतर ते घरात कायमचं झालं. बाने नाक्यावरची कुठलीही मोठी बातमी आणली की आई म्हणायची, हां, हिरवं लुगडं. घरात तेव्हा बटणांचा फोन होता. दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणाला ते पाहायचंही नव्हतं. गंमत पुरेशी होती.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बाला कावीळ झाली. आधी पाड्यातलं औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. भात कापणीला यायच्या आधी तो गेला.

*

आईबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या भागात लग्नघरात आतल्या भिंतीवर गेरू सारवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकाच्या मधोमध देवी बसते. ती बसल्याशिवाय लग्न लागत नाही. हा चौक सवाशिणींनीच काढायचा असतो, म्हणजे ज्यांचा नवरा हयात आहे अशा बायांनी. आमच्या पाड्यात आणि आजूबाजूच्या दोन-तीन पाड्यांत चौकाला माझ्या आईला बोलावत. ती बांबूची काडी चावून टोक मऊ करायची, पीठ पाण्यात पातळ कालवायची आणि भिंतीसमोर बसली की दुपार कधी कलली ते तिला कळायचं नाही.

मी तिच्याजवळ बसून पीठ ढवळायचे. तांदळाच्या रंगाचं एक वेगळंच आहे. ओली रेघ गेरूवर जवळजवळ दिसतच नाही, पाण्याचा ओघळ वाटतो. नवीन बाई घाबरते, दिसत नाही म्हणून त्यावरच पुन्हा काडी फिरवते, मग रेघ फुटते. आई म्हणायची, एकदाच ओढायची आणि थांबायचं. वाळली की येते वर. आणि यायची. आम्ही चहा पिऊन परत येईपर्यंत भिंतीवर पांढरी माणसं उभी असायची, नाचणारी, ताडावर चढणारी, कोंबड्या हाकणारी.

ताईचं लग्न ठरलं तेव्हापासून आई आणि बाचं एक भांडण चालायचं. बाचं म्हणणं, पोरीच्या चौकात एक ट्रक काढ. हल्ली कोपऱ्यात कोणी मोटारसायकल काढतं, कोणी आगगाडी, मग माझा ट्रक का नको? आई म्हणायची, ट्रक नाही, पंक्चर झालेलं चाक काढते, आणि शेजारी तुला बसवते. बा म्हणायचा, बसव, पण मान वर करून बसव, चाकात घातलेली नको.

बा गेला आणि लग्न एक वर्ष पुढे गेलं. आई सवाशीण राहिली नाही. तिला कोणी काही बोललं नाही. पाड्यातलं पुढचं लग्न आलं तेव्हा आमच्या घरी बोलावणं आलं, ते फक्त जेवणाचं होतं.

आईने मग सगळंच सोडलं. स्वतःच्या घराच्या भिंतीला कसलीच अडकाठी नव्हती, तरी पुढच्या वर्षी कापणीनंतर तिने नुसती भिंत सारवली आणि तशीच ठेवली. ती कोरी भिंत बघवत नसे. मी तोवर डहाणूला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहत होते. सुट्टीत घरी गेले की भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचे.

*

त्या हिवाळ्यात कॉलेजात चित्रकलेचा एक छोटा वर्ग झाला. कधीच चित्र न काढलेल्यांसाठी, असं फलकावर लिहिलं होतं. मी नाव दिलं. माझ्या घरात शिकलेलं कोणी नसल्यामुळे असेल, पण कॉलेजात काही फुकट शिकवत असतील तर ते सोडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. समजलं नाही तरी बसायचं.

बाहेरून आलेल्या मॅडमनी भिंतीवर एक फोटो लावला. आज आपण हे काढायचं, त्या म्हणाल्या. बर्फाचे डोंगर, खाली तळं, आणि वर हिरवं लुगडं.

मला दुसरा कुठलाच शब्द सुचला नाही. वाऱ्याने वळलेला तो काठ, खालची कडा गडद आणि वर विरत गेलेला पदर. बाने हात कसे हलवले होते ते मला आठवलं. मी पुष्कळ वेळ नुसती बघत राहिले असणार, कारण शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, चिकटपट्टी लावून घे की." तिच्या घरची समुद्राच्या बाजूला चिकूची वाडी आहे. तिच्याकडे चांगले ब्रश होते, आणि तिने न मागता त्यातले दोन मला दिले होते.

मॅडमनी सावकाश शिकवलं. फळीच्या कडांना चिकटपट्टी लावायची. आधी सगळं आभाळ गडद निळ्या-काळ्याने भरायचं, खाली येता येता थोडं फिकं करायचं. ते वाळलं की हिरव्या रंगाचा एक वळणदार पट्टा ओढायचा आणि तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने वर वर खेचायचा, म्हणजे उजेड वर जातो. डोंगर नंतर, बर्फ सगळ्यात शेवटी.

काळं आभाळ मला छान जमलं. सारवल्यासारखं एकसारखं झालं. मग मी हिरवा रंग वाटीत घेतला, त्यात पाणी घातलं, आणखी थोडं घातलं, पिठासारखा पातळ होईपर्यंत ढवळला. एकदाच पट्टा ओढला आणि ब्रश खाली ठेवला.

वाडीवाल्या मुलीने वाकून पाहिलं. "अजून रंग घे ना. घाबरतेस काय?"

मी म्हटलं, "वाळल्यावर येईल वर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत राहिले. सगळ्यांची आभाळं पेटत चालली होती आणि माझं हळूहळू विझत होतं. थोड्या वेळाने तिथे हिरवं असं काही उरलंच नाही, भिंतीला ओल येते तसा डाग राहिला. मॅडम आल्या, फळी हातात घेतली आणि हळूच म्हणाल्या, ॲक्रिलिक असं नसतं. हा रंग ओला असताना उजळ दिसतो आणि वाळला की उतरतो. म्हणून हवं त्यापेक्षा जास्त उजळ लावायचं आणि वाळलं की वरून दुसरा हात द्यायचा, लागला तर तिसरा. मग त्यांनी विचारलं, तू तलासरीकडची ना, तुमच्याकडे तर घराघरात चित्रं काढतात.

मी हो म्हटलं. आमचा रंग उलट्या बाजूने चालतो, हे मला तेव्हा समजावून सांगता आलं नाही. मॅडमनी जाताना मला एक कोरी फळी आणि अर्ध्या वापरलेल्या ट्यूब दिल्या.

*

दुसरं चित्र मी हॉस्टेलवर काढलं, बरेच दिवस, थोडं थोडं. फोनवर व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, एक हात द्यायचे, वाळू द्यायचे. आभाळ उतरलं की पुन्हा हिरवा लावायचे. डोंगर एका बाजूने पांढरे केले. तळ्यात हिरवा उजेड पाडला. चांदण्या दात घासायच्या जुन्या ब्रशने उडवल्या, त्यातल्या काही माझ्या गादीवरही पडल्या. ते फार चांगलं चित्र नाही. एक डोंगर वारुळासारखा झालाय. पण आभाळ आभाळ वाटतं.

महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुट्टीत मी ते घरी नेलं. जत्रा संपली की ताईचं लग्न होतं. आईने चित्र हातात घेतलं, लांब धरलं.

"हे काय गं? शेवाळ?"

"बा सांगायचा ते," मी म्हटलं.

मग मी तिला फोनवर व्हिडिओ दाखवला. ती चुलीपुढून उठून दारात उजेडात आली आणि पाहिला. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला. पदराने तोंड पुसलं.

"लुगडंच आहे की," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग तो खरंच सांगत होता."

त्यानंतर ती कोंबड्या कोंडायला गेली. ऊन अजून खाली आलेलं नव्हतं, कोंबड्या कोंडायची वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, एवढे डोंगर काढलेस, एवढं पाणी काढलंस, आणि माणूस एकही कसा नाही? मी म्हटलं, तिथे फार थंडी असते, कोणी राहत नाही.

"मग बघतंय कोण?" ती म्हणाली.

 तिच्या चौकात मी कधी रिकामी जागा पाहिलीच नव्हती.

लग्नाच्या चौकाला माझी आत्या येणार होती, बाची बहीण. आत्या चौकाच्या आदल्या संध्याकाळीच आली आणि ओट्यावर बसून आईला म्हणाली की वहिनी, तू आत ये, काडी धर, मी कोणाला एक शब्द बोलू देणार नाही. भाऊ माझा गेलाय, बोलायचं असेल तर मी बोलेन. आत्याचा आवाज मोठा आहे, तो बोलताना फुटत होता. मी पण म्हटलं. मी कॉलेजात ऐकलेलं सगळं म्हटलं, की ह्या रीती माणसांनीच केल्यात आणि माणसांनाच मोडता येतात. मला वाटत होतं की आईला अडवणारी माणसं आहेत आणि ती बाजूला झाली की झालं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"चौकात देवी बसते," ती म्हणाली. "उद्या पोरीचं काही वाकडं झालं तर तू मला काही म्हणणार नाहीस. तुझी आत्या पण नाही म्हणणार. पण मीच म्हणेन ना मला."

आत्या रडायला लागली. ताई आत होती, तिने सगळं ऐकलं असणार.  

*

चौकाच्या दिवशी बाया सकाळीच जमल्या. आतून गाणं सुरू झालं. आई घरामागे चिंचेखाली तांदूळ निवडत बसली, मला मात्र ती सारखी आत पाठवत होती, ताईजवळ बस म्हणून. मी आत जायचे, आत्याची काडी भिंतीवर फिरताना बघायचे आणि बाहेर यायचे. शेवटी मी चित्र आणि रंगांची पिशवी घेऊन चिंचेखाली गेले. आभाळात एका ठिकाणी हात द्यायचा राहिलाय, असं सांगितलं. खरंच राहिला होता.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, कुंपणाच्या बांबूची एक काडी सोलून काढली आणि टोक दाताखाली धरलं.

मी पांढऱ्या रंगाची ट्यूब तिच्यापुढे ठेवली. तिने करवंटीत थोडा रंग पिळला, त्यावर पाणी ओतलं आणि बोटाने ढवळत राहिली. बोट वर धरून ओघळ पाहिला. तिला पाहिजे तसा, पिठासारखा पातळ झाल्यावर थांबली. मला दिसत होतं. मी तोंड उघडलं होतं, पण तिचा हात फळीवर टेकला होता, आणि तो हात इतक्या दिवसांनी टेकला होता.

तळ्याच्या काठाला, अंधारात, तिने दोन त्रिकोण काढले, टोकाला टोक लावून. पाय दुमडलेले. पुढ्यात एक गोल, त्याच्या आत दुसरा गोल. दोन्ही हात गोलावर. डोकं सगळ्यात शेवटी काढलं, आणि मान मागे टाकून काढली. सगळं एकाच हातात, कुठे न थांबता. मग काडी बाजूला ठेवली.

"आता वाळू दे," ती म्हणाली.

आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन होतं, रंग लवकर वाळत होता. आतलं गाणं एकदा संपलं आणि दुसरं सुरू झालं. माणूस आधी करडा झाला, मग आणखी अंधारात गेला. चाकाचा आतला गोल राहिलाच नाही. आई तांदूळ निवडायचे सोडून फळीकडे बघत होती, चौकाकडे बघायची तशी, डोळे बारीक करून.

मी म्हटलं, "आई, हा रंग उलटा आहे. ओला असताना दिसतो आणि वाळला की उतरतो. दुसरा हात द्यावा लागतो."

"दुसरा हात देत नाहीत."

"ही भिंत नाही. इथे चालतं."

"चालत असेल," ती म्हणाली. फळी तिने मांडीवर घेतली, तिरकी करून उजेडात धरली, पुन्हा सरळ केली. "बसलाय ना तो? बसू दे."

करवंटी तिने चिंचेच्या मुळाशी रिकामी केली आणि परत तांदळाला लागली.

दुपारनंतर चौक पुरा झाला. आत्याने बाहेर येऊन आईला बघायला बोलावलं. आई उंबऱ्यापर्यंत आली, आत गेली नाही. भिंतीवरच्या रेघा वाळून वर आल्या होत्या, अगदी पांढऱ्या, देवी मधोमध. कोपऱ्यात आत्याने ताडाचं झाड काढलं होतं. ट्रकचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा सांगणं मला बरं वाटलं नाही.

"चांगला आलाय," आई म्हणाली.

ताईचं लग्न झालं, ती रानशेतला गेली. मी निघाले तेव्हा आईने चित्र माझ्या पिशवीत घातलं. इथे चुलीच्या धुराने काळं होईल, म्हणाली. भिंत तिने अजून तशीच ठेवली आहे.

आता ते चित्र डहाणूला माझ्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्या मुली आभाळ बघतात, बरं काढलंयस म्हणतात. वाडीवाल्या मुलीने वारुळासारख्या डोंगराला हसून घेतलं. तळ्याच्या काठाचा माणूस कोणालाच दिसला नाही आणि मीही दाखवला नाही. पांढरी ट्यूब पेटीत आहे. मला आता दुसरा हात द्यायला येतो, पण त्या जागेवर मी ब्रश नेत नाही.

सकाळी मात्र खिडकीतून ऊन आडवं येतं तेव्हा थोडा वेळ तो दिसतो. आधी मागे टाकलेली मान, मग हात, मग चाकाचा बाहेरचा गोल.

परवा ताईच्या फोनवरून आई बोलली. ती रानशेतला गेली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "दिसतो का गं तो?"

मी खरं ते सांगितलं. दिवसभर नाही दिसत, सकाळी दिसतो.



"तो तसाही सकाळीच भेटायचा," ती म्हणाली, आणि ताईला फोन दिला.